पँटाला चतुर

लिबेल्युलिडी कुळातील पिवळसर चतुर. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने १७९८ मध्ये या जातीचे पहिले वर्णन केले. नागपुरात पावसाळ्यात मैदानांवर, मोकळ्या प्लॉटांवर आणि छपरांवर जे चतुर घोळक्याने फिरत राहतात, ते बहुतेक हेच. पोरे त्यांना सरसकट हेलिकॉप्टर म्हणतात.

शरीराची लांबी सुमारे ४.५ सेंमी., पंखांचा विस्तार ७ ते ८.५ सेंमी. पोट सोनेरी पिवळे असून पाठीवर काळसर खुणा असतात. वयात आलेल्या नराच्या पोटावर तांबूस झाक चढते. मागच्या पंखांचा बुडाकडचा भाग चांगलाच रुंद असतो. याच रुंदीमुळे पंख न हलवता वाऱ्यावर तरंगत राहणे त्याला जमते. बसतो क्वचितच, आणि बसला तरी काडीला उभा लोंबकळतो. काडीच्या टोकावर आडवा बसलेला चतुर दिसला तर तो बहुधा दुसऱ्या जातीचा.

चतुर म्हटले की तलाव आठवतो, आणि नागपुरात अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा असे तलाव आहेतही. पण पँटालाची खरी जागा तलाव नव्हे, डबके. मादी अंडी घालते ती नुकत्याच साचलेल्या, उथळ, उन्हाने तापणाऱ्या पाण्यात. अशा पाण्यात मासे नसतात, हा मोठा फायदा. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की इथल्या काळ्या चिकण मातीत पाणी मुरायला वेळ लागतो. प्लॉटांतले खड्डे, रस्त्याकडेच्या चाऱ्या भरून राहतात. पूर्वेला मौदा, रामटेककडे धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरे) आणि बोड्या (लहान तळी) आहेत, तिथेही हेच घडते. सोय तात्पुरती, म्हणून घाई आलीच. अंड्यातून निघालेले पिल्लू साधारण ३८ ते ६५ दिवसांत पूर्ण वाढते. चतुरांच्या इतर जाती याच कामाला कित्येकदा वर्ष घेतात. डबके त्याआधी आटले तर पिल्लू मरते; चिखलात दडून उन्हाळा काढणे त्याला जमत नाही. नागपूरचा मे महिना पाहता दरवर्षी नव्याने आलेल्या पाहुण्यांवरच इथली संख्या उभी राहते.

पिल्लू पाण्यातले हिंस्र शिकारी. खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून ते डासांच्या अळ्या, बेडकांची लहान पिल्ले पकडते. गुदद्वारातून पाण्याची पिचकारी मारून पुढे सरकते. मोठे चतुर हवेतच डास, माश्या, वाळवीची पाखरे टिपतात. तरीही डेंग्यूवरचा उपाय म्हणून त्यांच्याकडे पाहणे भाबडेपणाचे ठरेल: तो डास वाढतो कूलरच्या टाकीत आणि घरातल्या भांड्यांत.

पाण्यावरून परतणारा विशिष्ट प्रकाश पाहून मादी पाणी ओळखते. त्यामुळे ती फसतेही. उन्हात उभ्या असलेल्या चकचकीत कारच्या टपावर पोटाचे टोक आपटत अंडी घालणारी मादी पार्किंगमध्ये सहज पाहायला मिळते. ती अंडी अर्थातच वाया जातात.

प्रसार जवळजवळ सर्व उष्ण प्रदेशांत आहे. युरोपात दुर्मीळ, अंटार्क्टिकात नाही. पॅसिफिकमधल्या एकाकी ईस्टर बेटावर आढळणारा हा एकमेव चतुर. हिमालयात तो ६,२०० मी. उंचीवरही दिसला आहे. दर ऑक्टोबरला मालदीवमध्ये याचे थवे उतरतात. तिथे गोड्या पाण्याचे साठे फारसे नाहीत, म्हणजे जन्म तिथला नव्हे. जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले, की हे थवे ईशान्य वाऱ्यांबरोबर भारतातून निघून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेकडे जातात, आणि पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परततात. पंखांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांची (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) तपासणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार मालदीवला पोचलेले चतुर उत्तर भारतात किंवा त्याहूनही पलीकडे जन्मलेले होते. एकूण फेरी १४,००० ते १८,००० किमी.ची धरली जाते, पण ती एकच चतुर पुरी करत नाही. त्यात अनेक पिढ्या खपतात. याच हंगामात अमूर ससाणे भारतावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात, आणि वाटेत हेच चतुर त्यांचे खाद्य असावेत, असेही अँडरसन यांनी सुचवले आहे.