काटकसरीच्या घरामागचा इतिहास

१२ एप्रिल १६८२ रोजी लंडनमध्ये रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या काही सदस्यांना जेवणाचं बोलावणं होतं. मासे, मांस, सगळं एकाच तऱ्हेच्या भांड्यात शिजवलेलं. जेवून आल्यावर त्यांच्यातल्या जॉन एव्हलिन यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं की कठीणातली कठीण हाडंही चीजसारखी मऊ झाली होती, आणि त्याला आठ औंस, म्हणजे पाव किलोसुद्धा कोळसा लागला नाही. भांडं दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाचं होतं. घट्ट बसणारं झाकण, आत कोंडलेली वाफ आणि जादा वाफ सोडायला झडप. आजच्या प्रेशर कुकरचा हा मूळपुरुष.

एरवी फेकून दिली जाणारी हाडं पोटात जावीत आणि सरपण वाचावं, यासाठी पापँ यांचा खटाटोप होता. खर्च कमी, पोषण जास्त, इंधनाची बचत. 'पर्यावरणस्नेही' हा शब्द आपल्याकडे अलीकडचा, पण त्यातला मुद्दा तेव्हाच चुलीवर चढला होता.

पुढचं मोठं नाव शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रमफर्ड यांचं. १७९० च्या दशकात म्युनिकमध्ये गोरगरिबांसाठी मोठी स्वयंपाकघरं चालवताना त्यांच्या लक्षात आलं की उघड्या विस्तवाची बरीचशी उष्णता भांड्याला लागतच नाही. त्यांनी जाळ विटांच्या बंदिस्त चुलीत घेतला आणि हवा कमी-जास्त करायची सोय केली. लंडनमधल्या धुरकट शेकोट्यांची धुराडी त्यांनी अरुंद करून दाखवली, तेव्हा खोलीतला धूर बाहेर जाऊ लागला. लाकूड वाचवण्याचा आणि फुप्फुसं वाचवण्याचा उपाय एकच निघाला. ही गोष्ट आजही जुनी झालेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे ३२ लाख माणसं दगावली, आणि त्याचं मुख्य कारण अजूनही धुराची चूल हेच आहे.

या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती एलेन स्वालो रिचर्ड्स. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळवणारी ही पहिली स्त्री. १८७३ मध्ये तिने तिथून रसायनशास्त्राची पदवी घेतली. पुढे तिने मॅसॅच्युसेट्समधल्या पिण्याच्या पाण्याचे हजारो नमुने तपासले, वाणसामानातली भेसळ शोधली, भिंतीवरच्या रंगीत कागदांमधलं विषारी आर्सेनिक बाहेर काढलं. घर म्हणजे हवा, पाणी, अन्न आणि पैसा यांची रोजची देवघेव. ती मोजली तर सुधारता येते, असं ती मानत असे.

१८९० मध्ये तिने बॉस्टनमध्ये एक सार्वजनिक स्वयंपाकघर उभारलं. तिथे एडवर्ड ॲटकिन्सन यांची नवी पेटी वापरली जाई. उष्णता बाहेर जाऊ न देणारी ही पेटी एका दिव्याच्या आचेवर तासन्‌तास अन्न शिजवत ठेवी. स्वस्त, पौष्टिक आणि इंधन जवळजवळ नाहीच. तरी ज्या स्थलांतरित कष्टकऱ्यांसाठी हा खटाटोप होता, त्यांनी पाठ फिरवली. त्यांना आपल्या घरची चव हवी होती. इथे मी नेहमी थबकतो. हिशेब बिनचूक होता, पण ताटावर बसणाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. घरासाठी सुचवलेल्या कितीतरी चांगल्या कल्पना नंतरही याच ठेचेने पडल्या.

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिने काउंट रमफर्ड यांच्या नावाने 'रमफर्ड किचन' मांडलं. तिथे प्रत्येक थाळीबरोबर तिच्यातल्या पोषणद्रव्यांचा तक्ता असे. त्याच सुमारास तिने आपल्या कामासाठी 'इकॉलॉजी' हा शब्द सुचवला. ग्रीक 'ओइकोस', म्हणजे घर, यावरून अर्न्स्ट हेकेल यांनी तो १८६६ मध्ये घडवला होता. तिच्या मते घरातली हवा-पाण्याची काळजी हीच इकॉलॉजी. तो शब्द जीवशास्त्राकडे गेला, आणि तिच्या वाट्याला १९०८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या गृहअर्थशास्त्र संघटनेचं अध्यक्षपद आलं. एकच काम दोन खोल्यांत वाटलं गेलं. एका बाजूला निसर्ग, दुसऱ्या बाजूला बायकांचा विषय.

दुसऱ्या महायुद्धाने काटकसर सक्तीची केली. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून जुलै १९५४ पर्यंत रेशनिंग होतं. कपडे दुरुस्त करून वापरण्याची मोहीम चालली, अंगणात भाज्या लावल्या गेल्या. रॉबर्ट मॅकान्स आणि एल्सी विडोसन या आहारसंशोधकांनी टंचाईचा आहार आधी स्वतःवर आजमावला. भरड पाव, बटाटा, कोबी यांवर काही आठवडे काढून ते इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले डोंगर चढून आले. साधं खाऊनही अंगात ताकद राहते, याचा तो पुरावा होता.

मग सक्ती संपली आणि तोल उलटा गेला. १ ऑगस्ट १९५५ च्या 'लाइफ' मासिकात एक कुटुंब एकदा वापरून फेकायच्या वस्तू आनंदाने हवेत उधळताना दिसतं. या वस्तू धुवायच्या म्हटल्या तर ४० तास लागले असते, असं चित्राखाली लिहिलं होतं. त्या आनंदाला नावं ठेवणं मला जमत नाही, कारण ते ४० तास गृहिणीचे होते. काटकसरीचं श्रमाचं बिल शतकानुशतकं तिनेच भरलं होतं. पण मोकळ्या वेळाची किंमत दुसरीकडे वाढत गेली. १९५० मध्ये जगात वर्षाला सुमारे २० लाख टन प्लास्टिक बनत होतं, २०१५ मध्ये सुमारे ३८ कोटी टन.

१९६२ मध्ये अमेरिकन लेखिका रेचल कार्सन यांनी कीटकनाशकांच्या धोक्यांवर लिहिलं, तेव्हा त्यात घरातल्या फवाऱ्यांचाही समाचार होता. १९७० मध्ये पहिला वसुंधरा दिन झाला, १९७३ मध्ये तेलसंकट आलं, आणि वीज-इंधन मोजून वापरणं पुन्हा शहाणपणाचं ठरलं.

कंपोस्टचा धागा मात्र याहून जुना, आणि आपल्या ओळखीचा. इंदूरच्या शेतीसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शास्त्रज्ञांनी काडीकचरा आणि शेणाचे थर रचून, ढीग ठरावीक काळाने उलथवून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. ओलं-सुकं मिसळा, हवा खेळू द्या, ओल राखा. बाल्कनीतल्या डब्यालाही हेच नियम लागू पडतात.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये मांडलेला हिशेब असा: २०२२ मध्ये जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून. उपाहारगृहं आणि दुकानं दोन्ही मिळूनही घरांच्या मागे आहेत.