बहुव्याधिता

एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार एकाच वेळी असणे म्हणजे बहुव्याधिता. मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात, दमा, हृदयविकार, नैराश्य असे वर्षानुवर्षे सोबत राहणारे आजार यात मोडतात. सहव्याधी या जवळच्या संकल्पनेत (अमेरिकी डॉक्टर आल्व्हन फाइनस्टाइन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या) एक आजार मुख्य धरून बाकीचे त्याच्या जोडीला मोजतात. बहुव्याधितेत असा मुख्य आजार नसतो.

लोकसंख्येतील तिचे प्रमाण एका आकड्यात सांगता येत नाही. यादीत दहा आजार धरले की चाळीस, माहिती दवाखान्याच्या नोंदींतून घेतली की लोकांना विचारून, यावर उत्तर बदलते. २०१२ मधील एका आढाव्यात सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाण सुमारे १३ ते ७२ टक्के इतके वेगवेगळे आढळले. तेव्हा दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना करण्याआधी याद्या पाहायलाच हव्यात.

स्कॉटलंडमधील सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी ४० आजारांसाठी तपासल्या गेल्या (२०१२), तेव्हा २३.२ टक्के लोक बहुव्याधिग्रस्त निघाले. वयाच्या पासष्टीनंतर हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. तरीही एकूण संख्या पाहता असे रुग्ण पासष्टीच्या आतलेच जास्त होते. म्हणजे हा केवळ म्हातारपणाचा प्रश्न नव्हे. सर्वांत गरीब वस्त्यांत बहुव्याधिता सधन वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षे आधी गाठत होती, आणि शारीरिक आजाराला मानसिक आजाराची जोड तिथेच अधिक होती. या अभ्यासातली सर्वांत गंभीर बाब हीच.

आयुर्मान वाढले, पूर्वी जीव घेणाऱ्या आजारांतून माणसे वाचू लागली, तसे हे प्रमाण वाढले. तंबाखू, लठ्ठपणा, प्रदूषित हवा ही अनेक आजारांची सामाईक कारणे आहेत. शिवाय आजारातून आजार उद्भवतो: मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होतात, सततच्या वेदनेतून नैराश्य येते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

उपचारांचे नियम मात्र एकेका आजारासाठी लिहिलेले असतात. २००५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ७९ वर्षांची एक काल्पनिक रुग्ण घेतली: मधुमेह, उच्च रक्तदाब, सांध्यांची झीज, ठिसूळ हाडे आणि सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसांचा दीर्घ आजार). प्रत्येक आजाराचे नियम पाळायचे तर तिला १२ औषधे, दिवसाला १९ मात्रांत घ्यावी लागत होती, आणि काही सूचना एकमेकींच्या विरोधात जात होत्या. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये बहुव्याधितेसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते ते विचारावे आणि फारसा लाभ नसलेली औषधे कमी किंवा बंद करण्याचा विचार करावा, असे तीत म्हटले आहे.