निचऱ्याचे खारे पाणी सोडायचे कुठे?

पाण्याच्या प्रत्येक पाळीबरोबर शेतात मीठ येते. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या खालच्या टप्प्यात लिटरमागे सुमारे 0.75 ग्रॅम क्षार असतात. हेक्टरी वर्षाला 10,000 घनमीटर पाणी दिले की झाले साडेसात टन. पीक पाणी पिते, क्षार मुळांपाशी ठेवते. ते खाली धुऊन नेण्यासाठी थोडे जादा पाणी द्यावेच लागते. किती, ते पिकावर ठरते: याच पाण्यावर लसूणघासाला सुमारे 14 टक्के, तर नाजूक लेट्यूसला 23 टक्के. म्हणजे लसूणघासात सातातला एक लिटर खाली जातो, तो सातपट खारा होऊन.

ॲरिझोनातील वेल्टन-मोहॉक खोऱ्यात हा हिशेब अंगाशी आला. तिथे आधीच भूजल उपसून शेती चाले आणि तेच क्षार जमिनीत फिरत राहत. 1952 मध्ये कोलोरॅडोचे पाणी आले, भूजल वर चढले, मुळे गुदमरू लागली. मग 1961 पासून विहिरींतून लिटरमागे सुमारे 6 ग्रॅम क्षारांचे जुने पाणी उपसून नदीत सोडले गेले. खाली मेक्सिकोच्या वाट्याच्या पाण्यात क्षार 2.5 ग्रॅमच्या वर गेले आणि मेहिकाली खोऱ्यातील पिके होरपळली. 1973 च्या करारात अमेरिकेने मान्य केले की मेक्सिकोला मिळणारे पाणी नदीवरच्या अमेरिकेतील इम्पीरियल धरणापाशी असते त्यापेक्षा लिटरमागे सरासरी 115 मिलिग्रॅमहून (30 कमी-अधिक) जास्त खारे नसेल.

पर्याय अनेक होते. वरून गोडे पाणी सोडून खारेपणा पातळ करणे सर्वांत सोपे, पण कोरड्या खोऱ्यात ते पाणी आणायचे कुणाच्या वाट्यातून? बाष्पीभवन तळ्यांचे गणित पाहा. इथला निचरा वर्षाला सुमारे 13 कोटी घनमीटर. तळ्यातून वर्षाला 2 मीटर पाणी उडते असे धरले तरी 6,500 हेक्टर तळी लागतात. खारे पाणी त्याहून सावकाश उडते, म्हणजे जागा आणखी. कॅलिफोर्नियातील केस्टरसन तळ्यांत तर निचऱ्याबरोबर सेलेनियम हे जास्त झाल्यास विषारी ठरणारे मूलद्रव्य आले. 1983 मध्ये तिथे पक्ष्यांची व्यंग असलेली पिल्ले सापडली. निचऱ्यात नुसते मीठ मोजून भागत नाही, ते त्यामुळे.

प्रत्यक्षात तीन गोष्टी केल्या. 1977 पर्यंत वेगळा कालवा काढून निचरा नदीला टाळून मेक्सिकोतील सिएनेगा दे सांता क्लारा या पाणथळीकडे वळवला. शेतात लेझरने जमीन सपाट केली, पाट काँक्रीटचे केले, 10,000 एकर ओलिताखालून काढले. तिसरी आणि सर्वांत खर्चिक म्हणजे ॲरिझोनातील युमाचा निःक्षारीकरण (पाण्यातून मीठ वेगळे काढण्याचा) प्रकल्प. तो 1992 मध्ये पूर्ण झाला, काही महिने चालला आणि 1993 च्या पुरानंतर थांबला. 2010-11 मध्ये वर्षभर, एक तृतीयांश क्षमतेने, चाचणी झाली.

अशा यंत्राची खोड ठाऊक असावी. मीठ अडवणाऱ्या झिल्लीवर जिप्सम आणि चुनखडीचे थर बसू नयेत म्हणून आधी चुन्याची प्रक्रिया आणि गाळणी लागते. गोडे पाणी सत्तर टक्क्यांच्या आसपास मिळते. उरलेले तीस टक्के तिपटीहून खारे होते आणि क्षार जवळपास सगळेच त्यात. ते गेले असते त्याच पाणथळीत, जिथे आता निचऱ्यावर वाढलेल्या पाणकणसात युमा क्लॅपर रेल या दुर्मीळ पक्ष्याची सर्वांत मोठी वस्ती आहे! म्हणून चाचणीपुरते तिथे बदली पाणी सोडावे लागले.

आमच्या मते क्रम असा हवा: आधी शेतातला अपव्यय कमी करा, मग वळवा, यंत्र शेवटी. मात्र धुवणीच्या किमान पाण्याखाली गेलात तर मीठ शेतातच साचते.

कृष्णाकाठी, शिरोळ-मिरज-वाळव्यात, क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप टाकतात तेव्हाही हा प्रश्न नाल्याच्या तोंडाशी येतो. त्यासाठी प्रवाह आणि विद्युतवाहकता (हिच्यावरून पाण्यातील क्षार कळतात) एकत्र मोजावी. सेकंदाला 5 लिटर आणि 6 डेसिसिमेन्स प्रति मीटर (लिटरमागे साधारण 3.8 ग्रॅम) म्हणजे दिवसाला सुमारे 1,650 किलो मीठ. ते पावसाळ्यात नदीत मिसळून जाते. एप्रिल-मे मध्ये प्रवाह आटलेला असतो तेव्हा खालच्या गावाच्या नळाला चव लागते.