परतवाडा–चिखलदरा–सेमाडोह घाटमार्ग

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागातील वर्तुळाकार मोटारमार्ग. परतवाड्याहून धामणगाव गढी, मोथा, चिखलदरा व सेमाडोह करून घटांग–बिहालीमार्गे पुन्हा परतवाड्यास येणारा हा फेरा सु. १०५ ते १२० किमी. भरतो. दुचाकी वा चारचाकीने तो एका दिवसात सहज पुरा होतो. सातपुड्याची दक्षिणेकडील शाखा असलेल्या गाविलगड डोंगररांगेचा चढ, माथ्यावरचे गवताळ माळ आणि पलीकडील सागवानी जंगल असे तीन निरनिराळे प्रदेश या एकाच मार्गावर येतात. वऱ्हाडात एवढ्या थोड्या अंतरात इतका बदल दाखवणारा दुसरा रस्ता नाही. काही जण सेमाडोहहून कोलकास, हरिसालवरून धारणीपर्यंत जातात, परंतु मग दिवस अपुरा पडतो.

भूरचना : मार्गाचे सारे सौंदर्य ज्या उठावामुळे आहे, तो भूवैज्ञानिकांच्या विशेष अभ्यासाचा विषय आहे. परतवाडा समुद्रसपाटीपासून सु. ४०० मी.च्या आसपास, तर चिखलदरा सु. १,१०० मी. उंचीवर आहे. रांगेतील सर्वांत उंच ठिकाण वैराट (सु. १,१७८ मी.) याच पठारावर मोडते. मैदान आणि डोंगर यांच्यामध्ये टेकड्यांची संथ चढण जवळपास नाही. संत्र्याचे बगीचे व पऱ्हाटीची शेते संपतात आणि समोर कडा उभा राहतो. या सरळ पायथ्याशी पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य दिशेने जाणारा गाविलगड भ्रंश (ज्याच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांपासून सरकले आहेत असा जमिनीतील मोठा तडा) आहे. नर्मदा–शोण–तापी या मोठ्या भ्रंशपट्ट्याचा तो भाग मानला जातो. भ्रंशाच्या दक्षिणेस पूर्णा नदीचे खोरे असून तेथे गाळाचे थर काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहेत. अकोला, बुलढाणा व अमरावती जिल्ह्यांतील खारपाणपट्टा (खाऱ्या भूजलाचा प्रदेश) याच खोऱ्यात आहे. उत्तरेचा भाग मात्र उचललेला, झिजलेला व नद्यांनी कोरलेला आहे.

भ्रंशाच्या वयाविषयी मतभेद आहेत. दख्खनच्या लाव्ह्याचे थर सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरले. ते थर या रेषेवर तुटलेले व सरकलेले असल्याने भ्रंश लाव्ह्यानंतरचा, असे एक मत आहे. परंतु याच रेषेवर, मोर्शी तालुक्याच्या सीमेवरील सालबर्डी येथे लाव्ह्याहून पुष्कळ जुने गोंडवन गाळखडक व लाव्ह्याच्या थोडे आधीचे लामेटा हे गाळाचे थर उघडे पडले आहेत. त्यावरून मूळ भ्रंश लाव्ह्याच्या आधीचा असावा व पुढे तो पुन्हा सरकला असावा, हे दुसरे मत. उपलब्ध पुराव्याशी दुसरे मत अधिक जुळते. उठाव एकदम झाला की टप्प्याटप्प्याने, याचा निर्णय मात्र पूर्णेच्या गाळाच्या अभ्यासावरच अवलंबून राहील.

घाट चढताना रस्त्यासाठी कापलेल्या दरडींत हा इतिहास डोळ्यांनी वाचता येतो. काळा कातळ मधूनच गोलाकार गोट्यांत सुटलेला दिसतो. अशा गोट्यावरचे झिजलेले थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक निघतात आणि आत अखंड, निळसर काळा गाभा राहतो. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा मातकट पट्टा असतो. एक प्रवाह थंड होऊन त्याचा पृष्ठभाग झिजला आणि मग दुसरा प्रवाह वरून आला, तेव्हाची ही भाजलेली माती. पावसाळ्यात या पट्ट्याच्या वरच्या कडेने पाणी पाझरते, कारण खालचा थर ते मुरू देत नाही. घाटातील बरेच लहान झरे अशा सांध्यांवर फुटतात आणि दरडीही पुष्कळदा तेथेच सुटतात. वाहन जरा आडबाजूस लावून ही दरड जवळून पाहणे, हे कोणत्याही ‘पॉइंट’इतकेच मोलाचे आहे.

जलविभाजक चिखलदऱ्याच्या पठारावर आहे. दक्षिणेकडे चंद्रभागा उतरते व पूर्णेच्या खोऱ्यात जाते. उत्तरेकडील पाणी सिपना व तिच्या ओढ्यांतून तापीकडे वाहते. पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीलाच मिळते. त्यामुळे माथ्यावर वेगळे झालेले पाणी फार दूर जाऊन पुन्हा एकत्र येते. पठारावरील पाऊस पायथ्याच्या मैदानापेक्षा जवळपास दुप्पट आहे.

प्राचीनता व आख्यायिका : वैराट म्हणजे महाभारतातील विराट राजाची नगरी, भीमाने कीचकाला मारले ते हेच ठिकाण व त्याला लोटले ती हीच दरी, अशी परंपरा आहे. भीमकुंड हे नावही तिच्याशी जोडलेले आहे. विराटनगरीचा मान सांगणारी गावे भारतात अनेक आहेत. मत्स्य देशाची राजधानी राजस्थानातील बैराट येथे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असून तेथे अशोकाचा शिलालेखही सापडला आहे. चिखलदऱ्याची परंपरा लोकजीवनात खोल रुजलेली आहे व तिचा विचार त्या अंगानेच व्हावा.

गाविलगड : चिखलदऱ्याच्या लगत, दरीपलीकडच्या सुळक्यासारख्या पठारावर हा किल्ला आहे. त्याच्या आरंभाविषयी दोन मते आहेत. फिरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे अहमदशाह बहमनी याने अचलपूर येथे मुक्काम असताना, १४२५ च्या सुमारास, गाविल बांधला व नरनाळा किल्ल्याची डागडुजी केली. स्थानिक परंपरेनुसार त्याआधी बारा-तेराव्या शतकांत येथे गवळी राजांची मातीची गढी होती. गवळी राजवटीचा निर्णायक पुरावा नाही. तथापि जवळच्या नरनाळ्याची ‘दुरुस्ती’ झाली असे फिरिश्ताच सांगतो. त्याअर्थी या रांगेत बहमनींपूर्वीही गड होते हे उघड आहे. गाविलच्या जागी काहीच नव्हते असे धरणे कठीण आहे. आज दिसणारी दगडी तटबंदी मात्र बहमनी व इमादशाही काळातील आहे. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतेहुल्ला इमादुल्मुल्क याने १४८८ च्या सुमारास मोठे बांधकाम केले. दिल्ली दरवाजावरील शिल्पांत सिंहाकृती शरभ, हत्ती आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे. फतेहुल्लाचे घराणे मूळचे विजयनगरकडचे होते, असे फिरिश्ता लिहितो. गंडभेरुंड हे दक्षिणेकडील राजचिन्ह येथे कसे आले, याचा उलगडा त्यावरून करण्यात येतो आणि तो पटण्याजोगा आहे. बुरुज-ए-बहराम १५७७ चा, निजामशाही अमलातील, मानतात.

इंग्रजी स्वारीचा रस्ता : किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे असताना, १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तो घेतला. त्याआधी २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली होती. किल्ला पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसले व इंग्रज यांच्यात देवगावचा तह झाला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. वेलस्ली स्वतः दक्षिणेकडे राहिला. खरा हल्ला कर्नल स्टीव्हन्सनने उत्तरेकडून, लबाडा गावाच्या बाजूने केला, कारण किल्ल्याला डोंगराशी जोडणारी सोंड त्याच अंगाला आहे. ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत त्याच्या फौजेने अचलपूरहून जड तोफा डोंगरदऱ्यांतून हातांनी ओढत नेल्या आणि बहुतेक सर्व वाट तिला स्वतःच करून घ्यावी लागली, असे वेलस्लीच्या अहवालात आहे.

हा तोफांचा रस्ता म्हणजेच आजचा चिखलदऱ्याचा घाट, असे सर्रास लिहिले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. स्टीव्हन्सन ज्या वाटेने डोंगरात शिरणार होता, तिच्या तोंडावरचे ‘दामरगाव’ हे तटबंदीचे गाव एका तुकडीने आधी ताब्यात घेतले, अशी नोंद आहे. हे गाव धामणगाव गढीच असावे. नाव जुळते, डोंगराच्या तोंडावरची जागा जुळते आणि गावाच्या नावातील गढी तटबंदीची साक्ष देते. तेव्हा दोन्ही वाटांचा आरंभ एक होता, असे म्हणण्यास आधार आहे. त्यापुढे मात्र त्या वेगळ्या झाल्या असाव्यात. शे-दोनशे बैल व माणसे जुंपून तोफ ओढायची तर सोंड धरून सरळ चढावे लागते. आजचा रस्ता चाकाच्या गाडीला झेपेल अशा बेताने वळणे घेत जातो, आणि अशी आखणी नंतरच्या काळची आहे. लबाडा हे नाव धारणी तालुक्यातील, बांबू केंद्रामुळे परिचित असलेल्या लवादा गावाशी जोडणेही चुकीचे आहे. ते गाव किल्ल्यापासून फार दूर आहे.

हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये चिखलदऱ्यास आला. इंग्रजी साधनांत हे ठिकाण त्याने ‘शोधले’ असे म्हटले आहे. कोरकू व गवळी तेथे आधीपासून राहत होते, हे वेगळे सांगायला नको. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आल्यावर चिखलदरा अधिकाऱ्यांचे उन्हाळी ठाणे बनले व परतवाड्याच्या छावणीपासूनची वाट टप्प्याटप्प्याने गाडीरस्ता झाली. १८५८ मध्ये तात्या टोपे किल्ल्याचा आश्रय घेईल या भीतीने तटबंदीचा बराच भाग पाडण्यात आला. कॉफीची लागवड इंग्रजी काळातील असून महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचा उल्लेख होतो.

माळ, गवळी व कोरकू : मोथ्यानंतर रस्ता पठारावर येतो व झाडे विरळ होतात. हा गवताळ माळ नैसर्गिक की माणसाने घडवलेला, असा प्रश्न पडतो. माथ्यावरची पातळ माती, वारा व उघडा कातळ यांमुळे काही भागांत गवतच टिकते, हे खरे. परंतु पठाराचा मोठा हिस्सा पिढ्यान् पिढ्यांच्या चराईने व शेतीने मोकळा राहिला असावा. याचा चांगला दाखला अलीकडचा आहे. व्याघ्र प्रकल्पातील बोरी, कोहा, कुंड ही गावे व पुढे वैराट, चुर्णी ही गावे बाहेर हलवल्यावर त्यांची शेते गव्यांनी व सांबरांनी चरावयाची कुरणे झाली. म्हणजे जे कुरण आज ‘रान’ वाटते, ते काल कुटकी-सावा पेरलेले वावर होते. जुन्या गॅझेटियरांनी या भागातील गड, बंगले व झाडांच्या जाती तपशिलाने नोंदवल्या. ज्यांच्या गुरांनी हा माळ राखला, त्यांच्याविषयी मात्र दोन-चार ओळींपलीकडे क्वचितच लिहिले. ही उणीव फार मोठी आहे.

गवळ्यांची मुख्य जित्राबे म्हशी. त्यांच्या दुधाचा खवा हे चिखलदऱ्याचे नावाजलेले उत्पादन होय. लोखंडी कढईत दूध सतत उलथन्याने तळापासून खरवडत आटवतात. हात क्षणभर थांबला तरी ते लागते व धुरकट वास येतो. मोथा व आसपासच्या गावांत स्ट्रॉबेरीही घेतात. आमझरी मधाचे गाव म्हणून ओळखले जाते.

कोरकूंची भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातील मुंडा शाखेची असून त्या शाखेतील ती सर्वांत पश्चिमेकडील भाषा आहे. गावाची रचना रस्त्यावरून सहज ओळखू येते. मधे सरळ मोकळी वाट व दोन्ही बाजूंस समोरासमोर तोंडे करून बसलेल्या घरांच्या ओळी. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. त्यानंतरचे काही दिवस मुले, बाया व पुरुष रस्त्यात वाहने थांबवून ‘फगवा’ मागतात. हा सणाचा मान आहे. सुटे पैसे जवळ ठेवून तो आनंदाने द्यावा. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत ठाट्या (गुरे राखणारे) नाचतात व तो ‘घुंगरू बाजार’ म्हणून प्रसिद्ध आहे.

जंगलातील टप्पा : चिखलदऱ्याहून सेमाडोह सु. २५ ते ३० किमी. आहे. रस्ता उतरू लागताच साग, धावडा, तिवस, ऐन, मोह व तेंदू यांचे पानझडी जंगल सुरू होते. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये, देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक म्हणून जाहीर झाला. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्या गाभ्यात आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा छोटा पक्षी नष्ट झाला असे दीर्घकाळ समजले जाई. तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळला व नंतर मेळघाटात त्याची चांगली संख्या असल्याचे दिसून आले. सेमाडोह व कोलकास ही दोन्ही ठिकाणे सिपना नदीकाठी असून वनविभागाची विश्रामगृहे तेथे आहेत. सफारीचे रस्ते वेगळे आहेत व त्यांस परवाना लागतो. खाजगी वाहनाने मुख्य रस्ता सोडू नये.

हंगाम व वाहन : श्रावणात माळ पूर्ण हिरवा असतो, पण धुके इतके दाट उतरते की पुढचे वळण दिसत नाही. देवी पॉइंट, पंचबोल, मोझरी येथेही त्या दिवसांत बहुधा ढगच दिसतो. दसऱ्यापासून नाताळापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. तेव्हा धबधबे अजून वाहते असतात व दरी स्वच्छ दिसते. पोळ्याच्या सुमारास जंगलातील नाल्यांवरचे रपटे (बुटके फरशीपूल) अचानक पाण्याखाली जातात. दुचाकीस्वाराने पाणी ओसरेपर्यंत अलीकडे थांबावे. शेवाळलेल्या सिमेंटवर चाक घसरते आणि प्रवाह गुडघ्याएवढा असला तरी गाडी ओढून नेतो. पेट्रोल परतवाड्यातच भरून घेणे बरे. जंगलात मोबाइलला रेंज नसते. उतारावर ब्रेक धरून न ठेवता गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवावी. सूर्य मावळण्यापूर्वी जंगल ओलांडावे, कारण संध्याकाळी रानडुकरे व सांबरे रस्त्यावर येतात आणि वेगातील वाहनांखाली मरतात.

परतीचा टप्पा : सेमाडोह ते परतवाडा सु. ४५ किमी. घटांगपर्यंत जंगल, त्यानंतर बिहालीकडे उतार. या रस्त्याने पूर्वी मेळघाटचे सागवान बैलगाड्यांतून परतवाड्यास येई व त्यावरच तेथील लाकडाचा बाजार उभा राहिला. गावात आरा गिरण्या आजही आहेत. वेळ असल्यास परतवाड्याहून सु. १५ किमी.वरील मुक्तागिरी हे ५२ मंदिरांचे जैन तीर्थ पाहता येते. ते मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात मोडते.