अ‍ॅटर्नी जनरल वेगळा, पब्लिक प्रॉसिक्युटर वेगळा

टीव्हीवर खालच्या पट्टीत "सरकारी वकिलांचा युक्तिवाद" एवढंच येतं, आणि मग सुप्रीम कोर्टात केंद्राची बाजू मांडणारा माणूस आणि सेशन कोर्टात खुनाची केस चालवणारा माणूस हे एकाच खात्यातले मोठे साहेब आणि छोटे साहेब आहेत असं समजून आपण मोकळे होतो. तसं अजिबात नाहीये. यांच्यात बढतीची शिडीच नाही, आणि कामही वेगळं.

आधी अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी. हे पद थेट राज्यघटनेतलं, कलम 76. नेमणूक राष्ट्रपती करतात, पात्रता सुप्रीम कोर्टाच्या जजची लागते, आणि राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची मर्जी. पहिले एम. सी. सेटलवाड, 1950 ते 1963, आणि 2022 पासून आर. वेंकटरमणी. काम सरळ आहे, भारत सरकारला कायद्याचा सल्ला द्यायचा आणि कोर्टात सरकारची बाजू लढवायची. देशातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं, संसदेत बोलताही येतं, फक्त मत देता येत नाही. एक अधिकार मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतो, कोणा खासगी माणसाला सुप्रीम कोर्टाच्या फौजदारी अवमानाची याचिका टाकायची असेल तर आधी यांची (किंवा सॉलिसिटर जनरलची, म्हणजे केंद्राच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कायदा अधिकाऱ्याची) लेखी संमती लागते. राज्यात हेच काम करतो तो महाधिवक्ता, कलम 165, त्याच्यावर वेगळं काही लिहायला नको.

थोडक्यात यांचा पक्षकार ठरलेला, सरकार. सरकार म्हणेल ती बाजू मांडायची, आणि त्यात गैर काही नाही, वकिलाचं कामच ते.

आता पब्लिक प्रॉसिक्युटर, म्हणजे फौजदारी खटला चालवणारा सरकारी वकील. खरी गंमत इथे आहे. हा राज्यघटनेत नाही, आधी सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम 24 मध्ये होता आणि 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 मध्ये आहे. जिल्ह्यासाठी कलेक्टर सेशन जजशी सल्लामसलत करून नावांचं पॅनल करतो, किमान 7 वर्षं वकिली लागते, आणि एखाद्या केसपुरता विशेष सरकारी वकील नेमायचा तर 10 वर्षं. मॅजिस्ट्रेट कोर्टात जे एपीपी दिसतात ते सहायक सरकारी अभियोक्ता, त्यांची भरती आपल्याकडे एमपीएससीतून होते. उज्ज्वल निकम "देशाचे सरकारी वकील" होते असं कित्येक जण बिनधास्त लिहितात, पण कसाबच्या खटल्यात ते महाराष्ट्राचे विशेष सरकारी वकील होते, त्या केसपुरते, आणि तीच केस अपिलात सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा राज्याची बाजू मांडायला गोपाल सुब्रमण्यम उभे होते.

पण नेमणूक सरकार करतं, मानधन सरकार देतं, म्हणजे हा सरकारचाच माणूस झाला ना? नाही. 1999 मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात सुप्रीम कोर्टाने साफ सांगितलंय की आरोपीला कसंही करून शिक्षा झालीच पाहिजे अशी तहान पब्लिक प्रॉसिक्युटरला नसावी, आरोपीच्या फायद्याचं काही असेल तर तेही त्याने कोर्टासमोर आणायचं. अ‍ॅटर्नी जनरलकडून विरुद्ध पार्टीच्या फायद्याचे पुरावे शोधायची अपेक्षा कोणी करतं का?

केस मागे घेण्याचंही तेच. सरकारला वाटलं म्हणून खटला मागे घेता येत नाही, अर्ज पब्लिक प्रॉसिक्युटरनेच करायचा, स्वतः फाईल बघून, स्वतःचं डोकं वापरून, आणि वर कोर्टाची परवानगी. 2015 मध्ये केरळ विधानसभेत राडा झाला, माईक तोडले, कॉम्प्युटर फोडले, आमदारांवर गुन्हे दाखल झाले, नंतर त्यांच्याच बाजूचं सरकार आलं आणि केस मागे घ्यायचा अर्ज झाला, तो खालपासून वरपर्यंत फेटाळला गेला, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानेही नाहीच म्हटलं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रत्यक्षात वरून फोन आला की अर्ज टाईप होतो हे सगळ्यांनाच माहितीये. म्हणून तर कोर्टाच्या परवानगीचं कुलूप ठेवलंय.

दुसरीकडे हा पोलिसांचाही वकील नाही. महाराष्ट्रात एकेकाळी एपीपी पोलीस खात्याच्या हाताखाली होते, 1995 मध्ये शहाणे केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते वेगळे करायला लावले. पण मग तपासावर यांचा ताबा आहे का, तर तोही नाही. इंग्लंडमध्ये 1986 पासून क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस आहे, गंभीर गुन्ह्यात आरोप ठेवायचा की नाही ते तीच ठरवते. आपल्याकडे चार्जशीट पोलिसांचीच, ती टाकण्याआधी प्रॉसिक्युटरचं मत घ्या असा आदेशही कोर्ट देऊ शकत नाही, हा 2000 चा आर. सरला निकाल. अख्ख्या देशाचं एक अभियोग कार्यालय आपल्याकडे नाहीच, राज्याराज्याचं संचालनालय वेगळं, सीबीआयचं वेगळं, एनआयएचे प्रॉसिक्युटर वेगळे. त्यामुळे होतं काय, पंचनामा ढिसाळ, जप्तीवर सही भलत्याचीच, आणि पंच पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो मला पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही करायला लावली. पंच फितूर. मग प्रॉसिक्युटर कोर्टाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेत बसतो, आणि आरोपी सुटला की बाहेर शिव्या त्यालाच.

तुमच्या घरातलं कोणी फिर्यादी असेल तर एवढं लक्षात ठेवा, सेशन केस पब्लिक प्रॉसिक्युटरच चालवणार, तुमचा खासगी वकील नाही. कोर्टाच्या परवानगीने तो मदतीला लावता येतो, पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवादही देता येतो, पण साक्षीदाराला प्रश्न विचारायला तो उठला की समोरचा वकील लगेच हरकत घेणार, आणि ती बहुतेक वेळा मान्यही होते. तेव्हा प्रॉसिक्युटरला तारखेच्या आधीच जाऊन भेटा, तारखेच्या सकाळी त्याच्या टेबलावर पंधरा फायली असतात.