पहिली बाईक घेताना सीसी नंतर, आधी गाडी स्टँडवरून काढून बघा

बारावीचा निकाल लागला किंवा पहिली नोकरी लागली की सोलापुरात घरोघरी गाडीचा विषय निघतो, आणि शोरूममध्ये गेल्यावर पहिले दोन प्रश्न ठरलेले, सीसी किती (म्हणजे इंजिन केवढं) आणि ॲव्हरेज किती. प्रश्न चुकीचे नाहीत, पण नव्याने शिकणाऱ्यासाठी ते नंतरचे. कारण नवखा माणूस पहिल्यांदा गाडी पाडतो ती हायवेला ऐंशीच्या स्पीडला नाही. तो पाडतो नवी पेठेच्या गर्दीत, सात रस्त्याला सिग्नलवर पाय टेकताना, नाहीतर स्वतःच्या दारात गाडी वळवून लावताना.

यामागे सरळ विज्ञान आहे. चालती दुचाकी बऱ्यापैकी आपली आपण सावरते. गाडी डावीकडे कलली की पुढचं चाक थोडं डावीकडेच वळतं आणि चाकं परत वजनाच्या खाली येतात, तळहातावर झाडू उभा धरताना तो जिकडे पडतो तिकडे आपण हात नेतो ना, अगदी तसंच. फिरणाऱ्या चाकांच्या जायरोस्कोपमुळेच, म्हणजे फिरणारी वस्तू आपली दिशा सहज बदलू देत नाही त्यामुळेच, हे होतं असं बरीच वर्षं सांगितलं जायचं, पण २०११ मध्ये सायन्स या नियतकालिकात एका खास बनवलेल्या सायकलीवरचं संशोधन आलं, त्यात जायरोस्कोपचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी जवळजवळ खोडून टाकला होता तरी ती सायकल माणसाशिवाय सावरत होती. म्हणजे वजन कुठे आणि कसं विभागलंय यालाही मोठं महत्त्व आहे. पण हे सगळं स्पीड असेल तर. स्पीड गेला की ही मदत संपते आणि सगळा भार तुमच्या हातापायावर येतो.

तो भार किती, हिशोब करून बघू. उभ्या गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू जमिनीपासून साधारण अर्धा मीटर वर धरा आणि हँडल एक मीटरवर. हिरोची १०० सीसीची स्प्लेंडर भरते ११२ किलो, ती १० अंश कलली तर हँडलला धरून ठेवायला १० किलोच्या आसपास जोर लागतो, कोणालाही जमेल. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो, तिला १७ च्या आसपास. आता २० अंश कलू द्या, स्प्लेंडरला १९ आणि क्लासिकला ३३ किलो, आणि तेही एका पायावर, खाली बारीक खडी असताना. म्हणून गाडी थोडी कलते तोवर सगळं ठीक वाटतं आणि मग एकदम हाताबाहेर जाते. मागे मित्र बसला की अजून अवघड. ६० किलोचा माणूस सीटवर उंच बसतो, त्याचं वजन साधारण एक मीटर वर येतं, त्यामुळे कलल्यावर तो एकटा अख्ख्या स्प्लेंडरएवढा ओढतो! शिकताना पहिले काही महिने डबल सीट नको असं मी म्हणतो ते यासाठी.

माझ्या पुतणीसाठी गाडी बघायला गेलो तेव्हा हेच केलं. ती जुळे सोलापुरात राहते, उंची पाच फूट एक, मनात क्लासिकच होती. म्हटलं आधी स्टँडवरून काढ, दोन्ही पाय टेक आणि बसल्या बसल्या दहा पावलं मागे ने. कागदावर क्लासिकची सीट ८०५ मिलीमीटर आणि स्प्लेंडरची ७८५, म्हणजे फरक फक्त दोन सेंटिमीटरचा, पण क्लासिकची सीट रुंद, मांड्या फाकतात आणि टाचा वर उचलल्या जातात. शोरूमच्या पुढे थोडा उतार होता, तिथे ती चवड्यांवर जोर देऊन थकली, म्हणाली, "काका, ही मागं येईनाच की ओ." मग एका १२५ सीसीच्या गाडीवर बसली, दोन्ही तळवे पूर्ण टेकले आणि गाडी आरामात मागे घेतली. ब्रोशरमध्ये हे कळत नाही, बसल्याशिवाय कळतच नाही.

इंजिनाचं म्हणाल तर एक गोष्ट लोक सरमिसळ करतात. क्लासिक जड आहे पण तिचं इंजिन स्वभावाने शांत, ताकद २० बीएचपीच्या (हॉर्सपॉवरच्या) आसपास, कमी आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच, भरपूर टॉर्क (ओढ) देतं आणि सहजासहजी बंद पडत नाही. केटीएमच्या ड्यूक ३९० चं उलटं, वजन १७० किलोच्या आसपास पण ताकद ४० बीएचपीच्या वर. स्प्लेंडरची ताकद फक्त ८. मनगट तेवढंच फिरतं, गाडी मात्र कितीतरी जोरात उसळते. आणि इथे खरा धोका आहे, खड्ड्यात गाडी गचकन पुढे गेली की नवख्याचं अंग मागे जातं, हात हँडलला धरलेला असतो त्यामुळे थ्रॉटल (रेस) अजून ओढला जातो, गाडी अजून पळते, अंग अजून मागे. हे चक्र दोन सेकंदात भिंतीपर्यंत नेतं. १०० ते १२५ सीसीच्या गाडीत तीच चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो, म्हणून पहिल्या गाडीसाठी माझं मत तिथेच, फार तर सौम्य १५०.

ब्रेककडे मात्र कंजूषी नको. ताशी ४० ला कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तर गाडी १० मीटरच्या आसपास थांबते, ८० ला दुप्पट नाही तर चौपट, ४० मीटर, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वर मेंदूला कळून बोट लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर ११ आणि २२ मीटर आधीच गेलेले. आपल्याकडे अजून सांगतात की पुढचा ब्रेक मारू नको, पलटी होशील. उलट आहे. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि थांबवण्याचं बहुतेक काम तेच करतं. घसरतं ते चाक लॉक झाल्यावर, कारण घासत जाणाऱ्या टायरची पकड फिरणाऱ्या टायरपेक्षा कमी असते. एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा चाक लॉक होतंय हे ओळखून सेकंदाला कित्येक वेळा ब्रेक सैल करतं आणि परत लावतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो, पण चाक लॉक होणं ते थांबवत नाही. सेकंड हँड घेत असाल तर गाडी कुठल्या वर्षीची हे त्यासाठीच बघा.

आपल्या भागात याला अजून महत्त्व आहे. पहिल्या पावसात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो, गाळप हंगामात उसाच्या कांड्या पडलेल्या असतात आणि रात्री ट्रॉलीला मागे लाईट नसतो. उन्हाळ्याचंही बघा, पेट्रोलमधली थोडीच ऊर्जा चाकापर्यंत पोचते, बाकी बहुतेक उष्णता, आणि मे महिन्यात ४२ अंशात सिग्नलला मोठं इंजिन पायाला नुसतं भाजतं.

गाडी आली की पहिल्याच आठवड्यात सकाळी लवकर एखाद्या मोकळ्या डांबरी जागेवर जा, हेल्मेट घालून, सरळ रेषेत. आधी २० च्या स्पीडला, मग ३०, मग ४०, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा लिव्हर झटका न देता दाबत जायचा. एबीएस असेल तर लिव्हरमध्ये थरथर जाणवेल, तेव्हा घाबरून सोडायचा नाही, गाडी थांबेपर्यंत दाबून धरायचा.