पुण्यातल्या नामवंत हॉटेलांची पार्श्वभूमी

पुण्याला येणारा पाहुणा आज गुडलक, वैशाली, बेडेकर अशी यादी खिशात घेऊनच येतो. पण बाहेर खाणं या गावाला पचायला फार वेळ लागला. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. (हजर असलेल्यांची नावं छापून बोभाटा करणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान.)

कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, असली भानगड नव्हती. पलटणी, पारशी, बोहरी, ख्रिस्ती अशी तिथली वस्ती. दोराबजी १८७८ पासूनचं. धनसाक (पारशी पद्धतीचं डाळ-मटण) आणि बिर्याणी खायला लोक अजून तिथंच जातात. मुंबईमार्गे आलेले इराणी हॉटेलवाले पुढे नदीपलीकडेही सरकले. डेक्कनवरचं गुडलक १९३५चं. बन-मस्का, चहा आणि खिमा-पाव यांच्यासमोर सगळ्या जातींची माणसं एका टेबलाला बसली, हे पंचहौदनंतर पन्नास वर्षांच्या आत घडलं.

पेठांमध्ये रस्ता निघाला तो खानावळीतून. न्यू इंग्लिश स्कूल १८८०चं, फर्ग्युसन १८८५चं. शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवत, माधुकरी मागत. ज्यांच्या हाताशी चार पैसे असत ते महिन्याची खानावळ लावत. आचारी आपल्यातला, वाढपी आपल्यातला, त्यामुळे सोवळ्यालाही धक्का नाही. टिळक रोडवरची बादशाही याच परंपरेतली. लक्ष्मी रोडचं पूना गेस्ट हाऊस मात्र वेगळ्या घरातलं. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ साली काढलं. पुढे त्यांचे चिरंजीव चारुकाका यांच्या काळात तर ते नाटक-सिनेमावाल्यांचं हक्काचं ठिकाण झालं. थालीपीठ खायचं तर माझं मत अजूनही तिथलंच.

मिसळीबद्दल कोल्हापूरकरांना विचारू नये. नारायण पेठेतल्या बेडेकरांचा रस्सा गोडसर, सोबत ब्रेडचे स्लाइस. तर्रीची सवय असलेला माणूस नाक मुरडणारच.

फर्ग्युसन रोडची कहाणी उडुपी वळणाची आहे. जगन्नाथ शेट्टी दक्षिण कर्नाटकातल्या एका खेड्यातून कोवळ्या वयात कल्याणला आले, नातेवाइकांच्या हॉटेलात राबले आणि नंतर पुण्यात आले. त्यांच्या रूपाली आणि वैशाली या हॉटेलांची ही नावं नंतरची. आधी दोन्ही ठिकाणांच्या पाट्यांवर ‘मद्रास’ होतं. सांबार-डोशाबरोबर एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) विकणारी उडुपी जागा कॉलेजच्या पोरांमुळेच घडू शकते. शेट्टी २०२३ साली गेले.

इराणी हॉटेलांची संख्या मात्र घटत गेली. डेक्कनचं लकी गेलं, कॅम्पातलं नाझही. कोपऱ्यावरच्या मोक्याच्या जागेत एका चहावर तासभर बसणारं गिऱ्हाईक कुठवर परवडणार? कयानी बेकरी १९५५ पासून टिकून आहे, पण तिथं बसायची सोयच नाही. श्रूजबेरी बिस्किटांचा पुडा घ्यायचा आणि निघायचं, तेही दुपारची विश्रांती सांभाळून.